शुभेच्छापत्र ईमेलने पाठवताना: जेपीईजी की पीएनजी?

दिवाळीचं शुभेच्छापत्र कॅनव्हावर किंवा फोटोशॉपमध्ये मन लावून तयार केलं. पडद्यावर ते लख्ख दिसत होतं. पाठवलेली प्रत उघडून पाहिली, तर ‘शुभ दीपावली’च्या अक्षरांभोवती काजळी धरल्यासारखी दिसते. अशा वेळी दोष ईमेलला दिला जातो. पण ईमेलला जोडलेली फाइल एरवी जशीच्या तशी पोचते. बिघाड बहुतेक वेळा त्याआधीच, फाइल सेव्ह करताना झालेला असतो.

जेपीईजी आणि पीएनजी या चित्र साठवण्याच्या दोन प्रकारच्या फाइल. दोन्ही क्लिक केल्यावर सारख्याच उघडतात, म्हणून कुठलीही चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोघींची कामं वेगळी आहेत.

जेपीईजीचं मानक १९९२ साली आलं, ते छायाचित्रांसाठी. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे (चित्र बनवणाऱ्या ठिपक्यांचे) चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देते. आजीचा चेहरा, संध्याकाळचं आकाश, पैठणीचा पोत यांत ही काटछाट कळतही नाही. अक्षरांत मात्र लगेच कळते. अक्षराची कड म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात थेट उडी, आणि ती उडी नेमकी राखायला हवा असलेला तपशीलच इथे वगळलेला असतो. मग त्या चौकोनभर फिकट, मळकट ठिपके पसरतात. देवनागरीला याचा त्रास फार होतो. शिरोरेघेखाली दाटीने बसलेली जोडाक्षरं, वरचा रफार, लहान मजकुरात जेमतेम दोन-चार पिक्सेलचा अनुस्वार, हे सगळं आधी गढूळ होतं.

रंगांचंही तसंच. जेपीईजी बहुधा उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवते, पण रंगाची नोंद चार पिक्सेल मिळून एकच. हळदीच्या पिवळ्यावर कुंकवाच्या लाल रंगातली नाजूक अक्षरं ही आपली आवडती रंगसंगती, आणि तिथेच लाल रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा दिसतो.

पीएनजी १९९६ सालची. त्या आधी जीआयएफ या जुन्या चित्रप्रकारातल्या पद्धतीच्या पेटंटवरून वाद पेटला होता, त्यातून हा खुला पर्याय उभा राहिला. ती काहीच टाकून देत नाही. सलग किंवा पुन्हा पुन्हा येणारी माहिती फक्त आटोपशीर बांधते, आणि उघडताना प्रत्येक पिक्सेल होता तसा परत मिळतो. त्यामुळे सपाट रंगांची पार्श्वभूमी, आकाशकंदील, रांगोळीच्या रेषा आणि अक्षरं असलेलं कार्ड पीएनजीत स्वच्छ राहतं. अनेकदा त्याची फाइल जेपीईजीपेक्षा लहानही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कोपरे गोल कापून मागची बाजू पारदर्शक ठेवायची असेल तर ते जेपीईजीत जमतच नाही, तिथे रंग भरला जातो.

छायाचित्र आलं की पारडं फिरतं. ५ बाय ७ इंचांचं कार्ड ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात. न दाबता (कॉम्प्रेस न करता) तो ऐवज सुमारे साडेनऊ एमबी होतो. कार्डभर कुटुंबाचा फोटो असेल तर पीएनजी त्यात थोडीच बचत करू शकते, तर जेपीईजी चांगल्या दर्जालाही तो पुष्कळ लहान करते. म्हणून फोटो मोठा आणि अक्षरं दोन-चारच, तीही ठळक असतील, तर मी जेपीईजीच घेईन, सेव्ह करताना दर्जा १००पैकी ९०च्या आसपास ठेवून. फोटोवर बारीक मजकूर असेल तर फाइल जड झाली तरी पीएनजी.

एक गैरसमज हमखास आढळतो: जेपीईजी पीएनजीत बदलली की ती सुधारते. सुधारत नाही. गेलेला तपशील परत येत नाही, डाग मात्र आहेत तसे जपले जातात. जेपीईजी उघडून, कार्डावरचं नाव बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली तर नुकसान वाढत जातं. दरवर्षी फक्त साल बदलून तेच कार्ड पाठवणाऱ्यांनी मूळ डिझाइनची फाइल जपावी आणि दर वेळी तिच्यातूनच नवी प्रत काढावी.

आता पाठवण्याबद्दल. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे. ईमेलमध्ये जाताना फाइलचं तात्पुरतं साध्या अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत राहिलेलं बरं. कार्ड अटॅचमेंट म्हणून जोडा. ईमेलच्या मजकुरात चिकटवलेलं चित्र काही प्रोग्रॅम लहान करून टाकतात. आयफोनच्या मेलमध्ये मोठं चित्र जोडलं की आकार विचारला जातो, तिथे मूळ आकार निवडा. आणि कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात तुमच्या पडद्यावर मावले तेवढेच पिक्सेल जातात.