मतं जास्त म्हणजे जागा जास्त? अमेरिकेत तरी नाही

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की एक आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो: ‘काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) कोणाच्या ताब्यात हवी?’ या जनमत चाचणीतल्या प्रश्नावर अमुक पक्ष दोन टक्क्यांनी पुढे, म्हणजे प्रतिनिधिगृह, संसदेचं कनिष्ठ सभागृह, त्यांचंच. हा समज चुकीचा आहे.

हा कौल देशभराचा असतो. निवडणूक मात्र ४३५ मतदारसंघांत वेगवेगळी होते. २०१२ साली डेमोक्रॅट्सना देशभरात रिपब्लिकनांपेक्षा दहा लाखांहून जास्त मतं मिळाली. जागा मात्र २०१ विरुद्ध २३४, बहुमत रिपब्लिकनांचं.

पेनसिल्व्हेनियाचंच बघा. त्या वर्षी तिथे डेमोक्रॅट्सना निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली आणि १८ पैकी जागा मिळाल्या ५! त्यांचे मतदार फिलाडेल्फियासारख्या शहरांत दाटलेले. तिथे प्रचंड मताधिक्याने जिंकायचं आणि बाकी ठिकाणी थोडक्यात हरायचं. त्यात मतदारसंघांच्या सीमा आखणारं राज्याचं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला, नवा आखला, आणि निकाल लागला ९-९.

आपल्याला यात नवल वाटायला नको. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात मविआ आणि महायुतीची मतं जवळजवळ सारखी, जागा मात्र ३० आणि १७.

सिनेटबद्दल, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाबद्दल, तर हा आकडा आणखी कमी सांगतो, कारण तिथे दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांसाठीच मतदान होतं.