मशीन घरी नेताय? पहाटे क्लिप काढू नका

झोपेत श्वास अडतो का हे बघणारं तपासणीचं मशीन आमच्याकडून घरी नेणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. पट्टा कसा बांधायचा, नाकाची नळी कशी लावायची हे मशीन देताना आम्ही दाखवतोच. इथे एकाच गोष्टीबद्दल सांगायचं आहे, कारण तिच्यापायी तपासणी वाया जाते आणि गुहागर-दापोलीच्या माणसाला चिपळूणची दुसरी खेप पडते.

रात्री तीनला लघवीला उठलात, ऑक्सिजन मोजणारी बोटाची क्लिप काढून उशाशी ठेवलीत, परत येऊन आडवे झालात आणि ती तिथेच राहिली. किंवा चारला जाग आली आणि 'झालं आता' म्हणून सगळं सोडून ठेवलंत. आलेखात ऑक्सिजनची रेघ तिथेच तुटते.

'पाच तास तर मिळाले ना?' असं हमखास विचारलं जातं. पण सगळे तास सारखे नसतात. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी होते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ठळक स्वप्नांची झोप येते. तिला आरईएम म्हणतात. शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिच्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. रात्रीच्या सुरुवातीला ती काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे लांबत जाते. पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, ती म्हणूनच. या झोपेत डोळे हलत असतात, श्वासपटल चालू असतं, बाकी बहुतेक स्नायू ढिले पडतात. घशाचेही. त्यामुळे अनेकांचा श्वास याच वेळी सर्वाधिक अडतो. क्लिप तीनला निघाली की नेमकं तेच निसटतं आणि त्रास असूनही रिपोर्ट सौम्य येतो.

आणखी एक. श्वास वारंवार अडला की हृदयावर ताण येतो आणि शरीर रात्री जास्त लघवी तयार करतं. म्हणजे ज्यांना पुन्हा पुन्हा उठावं लागतं, त्यांनाच ही तपासणी जास्त गरजेची असू शकते. उठताना मशीन पट्ट्यासकट अंगावरच राहू द्या. क्लिप काढावी लागलीच तर पुन्हा आडवं होण्याआधी घाला. घरच्यांनाही सांगून ठेवा.

याच्या उलट, नऊ वाजता सगळं लावून मालिका बघत बसू नका. हे मशीन मेंदूच्या लहरी मोजत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला किंवा उथळ झाला, असं तासाला किती वेळा घडलं हे ते मोजतं. ५ पर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. जागेपणाचा तासही भागाकारात धरला जातो आणि आकडा खोटा उतरतो. नेहमीच्या वेळीच झोपा. एका बोटाची नेलपॉलिश मात्र आधी काढा, गडद मेंदीचं बोट टाळा.

'जाग येते पण हलता येत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं' असं सांगत काही जण मशीन मागतात. स्वप्नांच्या झोपेतला ढिलेपणा जाग आल्यावरही थोडा वेळ टिकला की असं होतं. सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते सुटतं. जागरणाने आणि उताणं झोपल्याने ते वाढतं. त्या वेळी भीती फार वाटते, पण एरवी त्यातून अपाय होत नाही. तेवढ्यासाठी मशीन नेऊ नका. सोबत जोराचं घोरणं, दिवसा पेंग असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

दुसऱ्या रात्रीचे पैसे का, हा प्रश्नही असतोच. मशीन बिघडलं तर दुसरी रात्र फुकट देतो. क्लिप निघाली असेल तर भाडं लावत नाही, नवीन नळी आणि पोचवण्याचा खर्च तेवढा घेतो. एकाची नळी दुसऱ्याच्या नाकाला आम्ही लावत नाही. आणि रिपोर्टचा अर्थ डॉक्टरच सांगतील. त्यांच्या चिठ्ठीशिवाय सीपॅप मशीनही (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) आम्ही देत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

गणपतीत भजनं आणि शिमग्यात पालखी असताना तपासणी ठेवू नका, त्या दिवसांत कोणाचीच झोप रोजची नसते. पावसाळ्यात मात्र बिनधास्त न्या. मशीन बॅटरीवर चालतं, वीज गेली तरी नोंद थांबत नाही. सीपॅप लागलंच तर मास्कचे दोन-तीन आकार दुकानात लावून बघता येतात, महिनाभर भाड्याने वापरून मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.