बधीर चट्ट्यामागची पेशी

कुष्ठरोगाचा संशय यावा असा चट्टा दिसला की आरोग्य कर्मचारी तुम्हाला डोळे मिटायला सांगतात आणि पेनाच्या टोकाने किंवा कापसाच्या वातीने चट्ट्याला हलकेच स्पर्श करतात. स्पर्श कुठे झाला ते तुम्ही बोटाने दाखवायचे. चट्ट्याबाहेर बोट बरोबर पडते आणि चट्ट्यावर पडत नाही, तेव्हा निदान बहुतेक झालेलेच असते. गजकर्णाला खाज सुटते, शिबे घामाने वाढते, कोडाने त्वचेचा रंग जातो. पण या तिन्हींत स्पर्श कळतो. कुष्ठरोगात तो कळत नाही, कारण हा रोग त्वचेवर दिसत असला तरी त्याचा जंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंत, आणि त्यांतही एका विशिष्ट पेशीत मुक्काम ठोकतो. ती पेशी म्हणजे मज्जातंतूतल्या धाग्यांना सोबत करणारी श्वॉन पेशी.

जंतूला ही पेशी सापडते कशी आणि तिथे तो करतो काय, या दोन प्रश्नांवर अनुरा रांबुक्काना गेली अनेक वर्षे काम करत आहेत, आधी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आणि नंतर एडिनबरा विद्यापीठात. त्यांच्या कामातून जे दिसले ते कुष्ठरोगापुरते राहिले नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मेंदू आणि मज्जारज्जू सोडून शरीरभर पसरलेल्या मज्जातंतूंना श्वॉन पेशींची सोबत असते. थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाने 1839 साली त्यांचे वर्णन केले. मज्जातंतूतला प्रत्येक जाड धागा या पेशींच्या रांगेने झाकलेला असतो. एक पेशी धाग्याचा फार तर एखादा मिलिमीटर सांभाळते आणि आपले पटल त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळते. हे वेढे पन्नास-शंभरापर्यंत जाऊ शकतात. बेटी बेन गेरेन यांनी कोंबडीच्या गर्भातील मज्जातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1954 मध्ये दाखवून दिले की मायलिन हा कुठला वेगळा पदार्थ नाही, ते या पेशीचेच गुंडाळलेले पटल आहे. त्याचा आडवा छेद पाहिला की कापलेल्या अळुवडीची आठवण येते. या स्निग्ध वेष्टणामुळे विद्युत संदेश दोन पेशींमधल्या एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी घेत जातो. मायलिन नसलेल्या बारीक धाग्यात तो सेकंदाला एक-दोन मीटरच सरकतो. जाड, वेष्टित धाग्यात शंभर मीटरच्याही पुढे जातो.

पण सगळ्याच श्वॉन पेशी मायलिन करत नाहीत. वेदना आणि उष्णता-थंडी वाहून नेणारे धागे बहुतांशी बारीक असतात. त्यांच्याजवळच्या श्वॉन पेशी वेटोळे घालत नाहीत, पाच-दहा धागे एकत्र आपल्या कुशीत घेतात. या दोन प्रकारांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्रे, गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात पाहिला. माणसाच्या रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी तो एक. आणि तरीही आजतागायत तो प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. आपल्या पोटातले ई. कोलाय तेच काम अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत उरकतात. 2001 मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला. त्यासाठी वापरलेला वाण तामिळनाडूतला होता. त्यात अकराशेहून जास्त जनुके मोडीत निघालेली सापडली, म्हणजे स्वतंत्रपणे जगण्याची बरीचशी साधने या जंतूने केव्हाच टाकून दिली आहेत. संशोधकांना तो उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो या खवलेधारी अमेरिकन प्राण्यात वाढवून घ्यावा लागतो. या क्षेत्रात संशोधन संथ का, याचे उत्तर जंतूच्या या स्वभावातच आहे.

मुंबईतही या प्रश्नावर काम झाले, आणि ते आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. डॉ. नोशिर अंतिया हे प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले पंजे आणि बसलेली नाके दुरुस्त करता करता ते मूळ दुखण्याकडे, म्हणजे मज्जातंतूकडे वळले. त्यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये श्वॉन पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांत कुष्ठजंतू सोडण्याचे प्रयोग 1980च्या दशकात झाले. डॉ. वनजा शेट्टी यांनी रुग्णांच्या मज्जातंतूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. जंतू आणि श्वॉन पेशी यांचे नाते अशा कामांतून पक्के झाले होते. ते रेणूंच्या पातळीवर कसे जुळते, हे मात्र उलगडायचे होते.

रांबुक्काना यांनी तिथून सुरुवात केली. प्रत्येक श्वॉन पेशीच्या बाहेर प्रथिनांचा एक पातळ थर असतो. त्यातल्या लॅमिनिन-2 या प्रथिनाच्या एका ठरावीक भागाला जंतू चिकटतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी त्या लॅमिनिनला पेशीच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा डिस्ट्रोग्लायकन हा रेणू सापडला. आणि 2000 मध्ये जंतूच्या बाजूची किल्लीही हाती लागली: पीजीएल-1 नावाचा, साखर आणि मेद यांचा मिळून बनलेला रेणू. तो या जंतूच्या कवचावर मुबलक असतो आणि क्षयरोगाच्या जंतूकडे या रूपात नसतो. मेंदूत मायलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्याभोवती असा प्रथिनांचा थर नसतो. कुष्ठरोग हात, पाय, चेहऱ्याचे मज्जातंतू पोखरतो आणि मेंदूला सोडून देतो, ते का, याचा एक धागा इथे मिळतो. दुसरा तापमानाचा. या जंतूला थंडावा लागतो, म्हणून कोपराजवळ, घोट्याजवळ, कानामागे कातडीलगत धावणारे तंतू आधी सापडतात.

त्यानंतरचा 2002 सालचा शोधनिबंध मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तोवर सर्वमान्य समजूत अशी होती की मज्जातंतूची नासधूस जंतू स्वतः करत नाही, जंतूवर तुटून पडलेली आपली प्रतिकारशक्ती करते. सूज येते, तंतू दाबला जातो आणि मरतो. रुग्णांमध्ये हे घडते यात शंका नाही. पण रांबुक्काना यांच्या गटाने प्रतिकारपेशींचा मागमूस नसलेल्या बशीत श्वॉन पेशी आणि चेतातंतू एकत्र वाढवले, मायलिन तयार होऊ दिले आणि मग जंतू सोडले. मायलिन उकलले! ज्यांच्या शरीरात टी आणि बी लिंफोसाइट या प्रतिकारपेशी तयारच होत नाहीत अशा उंदरांतही तेच दिसले.

खरी गंमत पुढे आहे. मायलिन धारण केलेल्या पेशीच्या आत जंतूला सहजी शिरता येत नव्हते. तो बाहेरून चिकटला की पेशी मायलिन सोडून देई, पुन्हा विभागू लागे आणि तिच्या मायलिन नसलेल्या लेकी तयार होत. या बिनमायलिनच्या पेशी जंतूला आत घेतात. म्हणजे बंद दाराला नुसता हात लावून जंतू स्वतःसाठी उघड्या दारांची संख्या वाढवून घेत होता. 2006 मध्ये त्याच गटाने दाखवले की हा इशारा पेशीच्या आत पोहोचतो तो ईआरबीबी-2 या ग्राहक रेणूमार्फत. कर्करोग विभागात ज्यांचे जाणे-येणे असते त्यांना हा रेणू हर-2 या नावाने ठाऊक असेल; स्तनाच्या कर्करोगात याची तपासणी होते. त्याला अडवणारी औषधे दिल्यावर प्रयोगातले मायलिनचे नुकसान रोखता आले.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने याहून मोठी खळबळ उडवली. उंदराच्या प्रौढ श्वॉन पेशींत जंतू दीर्घकाळ राहिले, तेव्हा त्या पेशींतली ‘मी श्वॉन पेशी आहे’ हे सांगणारी जनुके एकेक करून बंद पडली आणि गर्भावस्थेत चालणारी जनुके जागी झाली. पेशी मूलपेशीसारखी झाली. ती हलू लागली, स्नायूच्या पेशीत बदलू शकली, आणि आतले जंतू तिच्याबरोबर प्रवास करू लागले. शिवाय ती असे रासायनिक संदेश सोडू लागली की भक्षक पेशी तिच्याकडे ओढल्या जाव्यात. आल्या की जंतू त्यांच्या हवाली.

अकराशे जनुके गमावलेल्या, स्वतःच्या बळावर जगूही न शकणाऱ्या जंतूला हे कसे जमते? माझ्या मते त्याचे श्रेय जंतूइतकेच श्वॉन पेशीलाही द्यायला हवे. मागे वळण्याची क्षमता मुळात तिचीच आहे. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले होते, की कापलेल्या जागेपुढचा तंतू कुजून जातो. अशा वेळी श्वॉन पेशी मायलिनचा त्याग करते, तुटलेले अवशेष साफ करते, विभागते, आणि रांगेत उभी राहून नव्या फुटव्याला वाट दाखवते. फुटवा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. लंडनच्या क्रिस्त्यान जेसन आणि रोना मिर्स्की यांनी या ‘दुरुस्तीच्या’ श्वॉन पेशीचा आणि तिला जागवणाऱ्या सी-जून या प्रथिनाचा माग काढला. हाताला खोल कापल्यानंतर काही महिन्यांनी बोटात मुंग्या येत संवेदना परतते ती या गुणामुळे. मेंदूतल्या मायलिन पेशींना हे असे जमत नाही. कुष्ठजंतूने नवे काही शोधले असण्यापेक्षा तयार असलेली ही यंत्रणा चुकीच्या वेळी सुरू केली, असे मानणे मला अधिक पटते.

या चित्राला आव्हानही मिळाले आहे, आणि ते तगडे आहे. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि आता केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने, क्रेसिडा मॅडिगन आणि इतरांनी, 2017 मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत कुष्ठजंतू सोडले. पिल्लू काचेसारखे आरपार दिसत असल्याने जिवंतपणीच सारे पाहता येते. तिथे मायलिन बिघडले ते मॅक्रोफेज या भक्षक पेशींमुळे. पीजीएल-1ची ओळख पटलेल्या मॅक्रोफेज पेशी तंतूजवळ नायट्रिक ऑक्साइड सोडत होत्या आणि त्याने तंतूंतले ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया खराब होत होते. रांबुक्कानांच्या उंदरांत लिंफोसाइट नव्हते हे खरे, पण मॅक्रोफेज होते, हे इथे लक्षात घ्यावे लागते. उलट त्यांच्या बशीत तेही नव्हते. माणसाच्या मज्जातंतूत वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात दोन्ही वाटा असाव्यात असे मला वाटते. माशाचे पिल्लू काही दिवसांचे आणि बशीही काही आठवड्यांची. त्यांपैकी एकावरच पैज लावायची माझी तयारी नाही.

हा वाद केवळ प्रयोगशाळेचा नाही. बहुविध औषधोपचार 1980च्या दशकात आला आणि त्याने जंतू मरतो. सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण जंतुमुक्त होतो. भारताने 2005 अखेर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. उशिरा आलेल्या रुग्णाचा मेलेला तंतू मात्र गोळ्यांनी परत येत नाही. नुकतेच बिघडलेले तंतू प्रेडनिसोलोन या सूज उतरवणाऱ्या औषधाने काही प्रमाणात वाचवता येतात. एरवी चुलीवरचे भांडे उचलताना भाजलेले कळत नाही, पायात रुतलेला काटा कळत नाही, जखम चिघळते, बोटे झडतात. म्हणून मऊ रबराची एमसीआर चप्पल आणि रोज रात्री तळवे तपासण्याची सवय. आनंदवनात, दत्तपूरला, तपोवनात ज्यांना आसरा मिळाला त्यांच्यातल्या अनेकांचे हातपाय जंतूने नव्हे, या बधिरपणाने नेले. मायलिन वाचवणारे औषध जंतुनाशकाच्या जोडीला देता आले तर फरक इथे पडेल.

रांबुक्काना यांचे पुढचे पाऊल मात्र भलत्याच दिशेने पडले. ज्या आर्माडिलोत जंतू वाढवतात त्याचे यकृतही या जंतूने भरते. जंतू पेशींना मागे नेऊ शकत असेल, तर यकृताचे काय होत असेल? अमेरिकेतल्या बॅटन रूजमधील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते तपासले आणि 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. संसर्ग झालेल्या प्राण्यांची यकृते मोठी झाली होती. रक्तवाहिन्या, पित्तनलिका जागच्या जागी, व्रण नाहीत, गाठी नाहीत, आणि यकृताच्या पेशींत पुन्हा कोवळ्या वयाची जनुके चालू झालेली. संसर्ग न झालेल्या आणि संसर्गाला दाद न देणाऱ्या आर्माडिलोंची यकृते नेहमीच्याच आकाराची होती.