अॅक्युपंक्चरला साइड इफेक्ट नसतातच? असं नाहीये हो

"औषधच नाही पोटात जात, मग साइड इफेक्ट कुठून येणार" हे वाक्य इतक्या वर्षांपासून फिरतंय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. पण सुई कातडीच्या आत जाते ना, मग थोडंफार काहीतरी होणारच.

आधी भीतीचं बघू. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव असते आणि जाडी साधारण 0.25 मिमी, त्यामुळे टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग आत जड जड किंवा बोथट दुखल्यासारखं होतं. 20-30 मिनिटं पडून राहायचं, बस्स.

नंतर थेंबभर रक्त, छोटासा काळा-निळा डाग, झोप येणं, चक्कर, हे नॉर्मल आहे. काहीजण तर सुई बघूनच गार पडतात (मीपण त्यातलाच), म्हणून उपाशीपोटी जाऊ नका आणि झोपूनच ट्रीटमेंट घ्या.

गंभीर प्रकार फार क्वचित होतात, पण होतात. छातीवर किंवा खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, म्हणजे नंतर छातीत दुखलं, दम लागला तर "उद्या बघू" करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. सुया स्टराइल नसतील तर इन्फेक्शन होतं, त्यामुळे नवीन पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यात लाजायचं काय? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधीच सांगा, आणि पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावतात तो प्रकार नकोच.