शिक्षण आणि जोडीदाराची निवड

लग्न जुळवताना शिक्षणाचा निकष कसा लावतात आणि शिक्षणामुळे निवडीचा हक्क कोणाच्या हाती येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुंबईतल्या मराठी घरांत पहिल्याची चर्चा फार होते, दुसऱ्याची कमी.

दुसरा प्रश्न या शहराला जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत राहणाऱ्या रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या शिकत राहिल्या आणि पुढे त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये दावा लावला. 1885 चा निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर मात्र 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असे बजावले. 1888 मध्ये दादाजींना 2,000 रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. न कळत्या वयात, संमतीवाचून झालेले लग्न बंधनकारक का मानावे, हा त्यांचा सवाल होता.

शिक्षणाने लग्नाचे वय निश्चित वाढते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या स्त्रियांच्या लग्नाच्या मध्यक वयात (ज्या वयापर्यंत निम्म्या स्त्रियांची लग्ने झालेली असतात, त्या वयात) 5 वर्षांहून अधिक फरक आढळला.

वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात मात्र चाळणी बहुधा जात-पोटजातीची आधी लागते, शिक्षणाची नंतर. मुलगा मुलीइतका किंवा तिच्याहून जास्त शिकलेला हवा, ही अट मुलीकडची असते, तशी मुलाकडचीही. मुलगी एम.कॉम. होते, त्याच पोटजातीतला मुलगा डिप्लोमा करून कायम नोकरीत लागतो. स्थळ चांगले असून रकान्यातच बाद होते. ‘किमान पदवीधर’ लिहिण्याऐवजी कामाचे स्वरूप आणि पगार लिहावा. पदवी नियमित की दूरशिक्षणातून, शैक्षणिक कर्ज किती उरले, लग्नानंतर मुलीची नोकरी आणि लोकलचा प्रवास कसा जमणार, हे पहिल्या कांदेपोह्यांनंतर लगेच विचारावे. याद्या होईपर्यंत थांबले की बोलणी मोडतात.

देशात आंतरजातीय लग्ने 5 टक्क्यांच्या आसपास आहेत. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या एका विश्लेषणात अशा लग्नाचा संबंध जोडप्याच्या स्वतःच्या पदव्यांशी नव्हे, तर वराच्या आईच्या शिक्षणाशी दिसला. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलीचे शिक्षण तिच्या सुनेच्या कामी येण्याची शक्यता जास्त.

घरचे तयार नसतील तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. दोघांपैकी एकाचे 30 दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचे आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचे. मुदत हुकली तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत. कचेरीचा पत्ता चालत नाही, राहण्याचाच लागतो.