सिंटरक्लास म्हणजे डच सांता नव्हे

डिसेंबर लागला की घरच्या ग्रुपवर मावशीचा ठरलेला प्रश्न येतो, "तुमच्या नेदरलँड्समध्ये ख्रिसमस पाच तारखेलाच उरकतात ना?" नाही गं मावशी. ख्रिसमस इथेही 25 लाच. शिवाय 26 लाही सुट्टी, अमेरिकेपेक्षा एक दिवस जास्तच. पाच तारखेच्या संध्याकाळी असतो तो सिंटरक्लास, आणि त्याला सुट्टी नसते. लोक ऑफिस करून घर गाठतात.

सांता सगळ्यांना पाठ आहे, रेनडिअरसकट. सिंटरक्लास म्हणजे मायराचा (आजच्या तुर्कस्तानातला) बिशप संत निकोलस. उंच टोकदार टोपी, हातात दंड, पांढरा घोडा. नोव्हेंबरच्या मध्यावर तो स्पेनहून आगबोटीने येतो. 1850 मध्ये यान स्खेंकमान नावाच्या शाळामास्तरांनी मुलांच्या पुस्तकात त्याला त्या काळच्या नव्या नवलाईच्या आगबोटीत बसवलं, तो अजून त्यातूनच येतो. 'सांता क्लॉज' हे नाव 'सिंटरक्लास'वरूनच आलं, हे खरं. पण नाव एक म्हणून माणूसही एकच, हे कुठलं तर्कशास्त्र? इथे डिसेंबरअखेर सांताही येतो. त्याला केर्स्टमान म्हणतात आणि इथलं शेंबडं पोरही दोघांत गल्लत करत नाही.

मात्र खरा घोळ तारखेचा नाही. "म्हणजे त्या दिवशी गिफ्ट देतात, एवढंच ना?" इथे गाडी अडते.

कॉलेजच्या गॅदरिंगमधले फिशपाँड आठवतात? शेलापागोटी? सिंटरक्लासची संध्याकाळ त्याच्या जवळ जाते. मोठी माणसं आधी चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी छोटीशी वस्तू घ्यायची आणि ती पुठ्ठा, कागद, खळ वापरून केलेल्या एखाद्या सोंगात लपवायची. सतत मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्याला हातभर पुठ्ठ्याचा मोबाईल, आणि वस्तू त्याच्या पोटातल्या चिकट लगद्यात. सोबत यमक जुळवलेली, वर्षभराचे पराक्रम उघडे पाडणारी कविता. खाली सही 'सिंट'. ज्याच्यावर कविता, त्यानेच ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची! लिहिणारा सिंटच्या आड लपलेला, त्यामुळे जावई सासऱ्याला चिमटा काढतो आणि सासऱ्याला हसावंच लागतं. अमेरिकेत 25 च्या सकाळी झाडाखाली कुणाला काय मिळालं हे बघतात. इथे कुणाला काय ऐकून घ्यावं लागलं, ते वर्षभर आठवतात. माझ्या पहिल्या कवितेत 'दोन मिनिटांत पोचतो' या माझ्या वाक्याची चार कडवी झाली होती. मोडक्या डचमध्ये मीच वाचली. नेटवरून उतरवलेली कविता आणणाऱ्याने मात्र सरळ अमेरिकन ख्रिसमस करावा.

बाकीचे फरक किरकोळ. भेटींसाठी तिकडे मोजे टांगतात, इकडे बूट ठेवतात आणि त्यात घोड्यासाठी गाजर. सिंटच्या सोबत्याचं, पीटचं, सोंग घेताना गोऱ्यांनी तोंड काळं रंगवण्यावरून बरीच वर्षं वाद झाला, तो रास्तच होता. आता बहुतेक ठिकाणी गालावर काजळीचे फराटे असतात. ख्रिसमसचं झाड सिंट परत गेल्यावरच लावायचं, असा जुन्या घरांचा दंडक.

आणि सिंटरक्लासच्या दिवसांत दुकानात मिळतात त्या कडक, गोल, बोराएवढ्या बिस्किटांना पेपरनोटन म्हणू नका. ती क्रुइडनोटन. पेपरनोटन मऊसर, चिवट, वेडीवाकडी असतात, त्यांना बडीशेपेसारखा वास येतो. डच लोकही चुकतात म्हणून आपणही चुकायचं का?