पार्श्वभूमी : आपल्या कट्ट्यावर 'ताओ' हाच शब्द का?

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायचं आणि 'सध्या काय वाचतोय' ते प्रत्येकानं दहा मिनिटांत सांगायचं, एवढाच कट्ट्याचा नेम. अध्यात्म, ताओ (चीनचं एक प्राचीन तत्त्वज्ञान; शब्दाचा अर्थ 'मार्ग'), आरोग्य, स्वतःची घडण, यांच्या बाहेर सहसा कुणी जात नाही. नव्यानं येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ताओ की दाओ, आणि सरळ 'मार्ग' का म्हणत नाही? त्यासाठी हे टिपण.

चारचौघांत बसून वाचणं सोलापूरला नवं नाही. श्रावणात कुणाच्या घरी पोथी लागते, कुठे सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं म्हटली जातात, पूर्व भागात तेलुगूतून मार्कंडेयांची कथा चालते. आणि चीन म्हटलं की इथल्या माणसाच्या तोंडी आधी डॉ. कोटणीसच येतात. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकातून तिकडे गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. ताओशी त्यांचा काही संबंध नाही, पण चीनबद्दलची आपुलकी शहरात रुजली ती त्यांच्यामुळे.

कट्ट्यावर ताओ आला तो मात्र गुडघेदुखीच्या वाटेनं. २०१५ च्या पहिल्या योग दिनानंतर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आसनं, प्राणायाम यांच्या गप्पा वाढल्या. त्यातल्या दोघा-तिघांनी मोबाइलवर बघून ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम सुरू केला. मग त्यामागचं तत्त्वज्ञान काय, म्हणून पुस्तकं आली. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बागेत करतात तो २४ हालचालींचा ताई-चीचा क्रम हजारो वर्षांचा नाही. तो १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा विभागानं जुन्या पद्धतीतून निवडून बसवला. खरं जुनं काही बघायचं असेल तर चीनमधल्या मावांगद्वीच्या थडग्याकडे जावं लागतं. ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालं आणि १९७३ साली उघडलं. त्यात ताओ-ते-चिंग या ताओपंथाच्या मूळ ग्रंथाच्या, रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती निघाल्या आणि व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांचं रंगीत चित्रही निघालं. तत्त्वज्ञान आणि तब्येत एकाच थडग्यात! कट्ट्यावर आरोग्याची पुस्तकं कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सांगतो.

आता शब्दाकडे. 'दाओ' म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की रोमन लिपीत हल्ली 'डी' लिहितात, म्हणजे तेच शुद्ध. पण ते 'डी' आलं १९५८ मध्ये चीननं स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीतून. चिनी भाषेत हा वर्ण अघोष आणि अल्पप्राण आहे, म्हणजे आपल्या 'त'च्या अगदी शेजारचा. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीचा 'टी' श्वास सोडून म्हणतो. त्याची अडचण आपल्याला नाही, आपल्याकडे त आणि थ वेगळे आहेत. तेव्हा मराठीत 'ताओ' लिहिणं ही जुनी सवय नसून तोच जवळचा उच्चार आहे. एवढ्यावर कट्ट्याचं एकमत झालं.

भांडण झालं भाषांतरावरून, आणि ते तीन शनिवार चाललं.

हा वाद तेराशे वर्षांहून जुना आहे. महाराष्ट्रात येऊन गेलेला, शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग मायदेशी परतल्यावर ६४७ साली तिथल्या सम्राटानं त्याला हुकूम केला : कामरूपच्या (आजच्या आसामकडच्या) राजासाठी ताओ-ते-चिंग संस्कृतात करा. ताओपंथी पंडित म्हणाले, ताओसाठी 'बोधि' घाला. युआन श्वांग अडून बसला. ताओ म्हणजे रस्ता, त्याला 'मार्ग'च म्हणायचं. स्वतः बौद्ध असून त्यानं आपल्या धर्मातला मोठा शब्द दुसऱ्याच्या ग्रंथाला उसना दिला नाही. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही, पण वादाची हकीकत टिकली.

कट्ट्यावर 'मार्ग'वाले याच दाखल्यावर उभे राहिले. दुसऱ्या बाजूनं पहिल्या अध्यायाची पहिलीच ओळ पुढे केली. तिथे हा शब्द तीनदा येतो आणि त्यात एकदा त्याचा अर्थ 'बोलणे' असा आहे. रस्ताही आणि बोलणंही, असा एक शब्द मराठीत आणायचा कुठून? मी स्वतः 'वाट' सुचवला होता. आपली वाट चालताही येते आणि पाहताही येते. पंढरपूरच्या जिल्ह्यात याहून ओळखीचा शब्द नाही. पूर्व भागातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "आमच्यात पण बाटच म्हंत्यात की." तेलुगूत खरोखरच बाट म्हणजे रस्ता. पण 'वाट लागली' आठवेल, शब्दाला वजन नाही, असं म्हणून बहुमतानं तो बाजूला ठेवला. मला तो निर्णय अजून पटलेला नाही. रोजच्या वापरातला शब्द हलका कसा? शेवटी मूळ 'ताओ' तसाच ठेवायचं ठरलं.

'वू-वेई'चा, म्हणजे ताओमधल्या 'न करण्या'च्या कल्पनेचा, प्रश्न याहून अवघड निघाला. एकानं 'अकर्म' लिहिलं, तर लिंगायत घरातल्या एका काकांनी हात वर केला. जिथे सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, 'कायकवे कैलास', म्हणजे काम हाच कैलास, हे ऐकत आम्ही मोठे झालो, तिथे काही न करणं हा धर्म कसा? त्यांना उत्तर दिलं ते यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या एका मामांनी. त्या दिवशी अकरावा अध्याय वाचायला होता : तीस आऱ्या एका तुंब्यात बसतात, पण चाक फिरतं ते तुंब्याच्या पोकळीमुळे. मामांनी पिशवीतून मागावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा काढला, टोकं झिजून काळी पडलेली. मधल्या पोकळीत बोट घालून म्हणाले, "कांडी हितं बसती. हे भरीव असतं तर कापड झालं असतं का?" काका धोटा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. वू-वेईसाठी आता पत्रकावर 'सहज' छापतो, आणि त्याला काकांची हरकत नाही.

पुढच्या शनिवारी आठवा अध्याय आहे, पाण्यावरचा. पाणी सगळ्यांना पोसतं, कुणाशी झगडत नाही आणि सगळ्यांना नको असलेल्या सखल जागी जाऊन राहतं, असं त्यात आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तो मोठ्यानं वाचायचा आहे. ज्यांच्या गल्लीत त्या संध्याकाळी पाणी सुटणार असेल त्यांनी आधी कळवावं, त्यांचं वाचन शेवटी ठेवू.